दवा, दुआ आणि सोबत: मनाच्या आजारात सोबत जायच्या आमच्या कामाबद्दल लोक सारखे विचारतात ते प्रश्न

खालचे प्रश्न आम्ही मनाने बनवलेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर, जुम्म्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीतून हळूच बाजूला घेऊन लोक जे विचारतात तेच लिहून काढलंय, म्हणजे तेच तेच परत टाईप करायला नको. आणि आधीच सांगतो, आत्ता या घडीला जीव नकोसा झाला असेल किंवा घरात कोणी तसं बोलत असेल तर हे वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. बाकीचं प्रश्न १६ मध्ये.

१. तुम्ही लोक नेमकं करता काय?

सोबत जातो, मुख्य काम हेच. ज्याला झोप नाही, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, किंवा घरातलं कोणी एकटंच बडबडतं, अशा माणसाला घेऊन सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीला जातो, केसपेपर काढतो, लाईनीत बसतो, डॉक्टर काय बोलले ते घरच्यांना घरच्या भाषेत परत सांगतो आणि गोळ्या संपायच्या आत फोन करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे त्यामुळे पुणे-मुंबई करायची गरज फार कमी पडते.

दुसरं काम मय्यतच्या घरचं. पहिले तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, चाळिसाव्यापर्यंत येणं-जाणं चालू असतं, आणि मग कोणी फिरकत नाही, आम्ही तेव्हा जातो. जाताना तलबीनाचा डबा नेतो, म्हणजे जवाच्या पिठाची दूध-मध घातलेली पातळ खीर. बुखारीत (हदीसचा, म्हणजे नबी ﷺ यांच्या वचनांचा संग्रह) हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलंय की आजाऱ्याला आणि ज्याच्या घरी मौत झाली त्याला तलबीना द्यावा, दिलाला आराम पडतो. आणि खरं सांगू का, रिकाम्या हाताने 'कसे आहात' विचारायला गेलं तर लोक दारातूनच 'अल्हमदुलिल्लाह ठीक' म्हणून वाटेला लावतात, डबा असला की आत बसवतात.

२. फी किती?

काहीच नाही. दवाखान्यात केसपेपरचे जे लागतील ते, आणि तेही नसतील तर आम्ही बघतो. बायांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तिथेही थोडं वाचतं.

३. हे फक्त मुस्लिमांसाठी आहे का?

नाही. सोबत सगळ्यांना, फक्त कोणत्या डब्यातला पैसा कोणाला लावायचा त्याचे नियम आहेत, ते प्रश्न १४ मध्ये. रावेरकडच्या एका काकांची केळी जूनच्या वादळात आडवी झाली होती, अख्खा बाग. आम्ही त्यांच्या शेजारच्या तडवी भाऊंकडे गेलो होतो, ते म्हणाले आधी यांच्याकडे चला. काका बांधावर बसलेले, समोर मधूनच मोडलेलं एक झाड, घड अजून हिरवा कच्चा, आणि ते त्या घडावरून नुसता हात फिरवत होते. चार दिवस जेवले नव्हते. खूप वेळाने बोलले तर काय, 'तुमच्या मशिदीच्या पैशानं मी दवाखान्यात कसा येऊ भो?' आम्ही म्हटलं पैशाचं सोडा, गाडीत जागा रिकामी आहे, बसा. बसले.

४. गोष्ट बाहेर जाईल ना? मुलीचं लग्न व्हायचंय.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आजारापेक्षा लोक याला जास्त घाबरतात. आमच्याकडे रजिस्टरमध्ये नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. फोटो काढत नाही, देणगीदाराने 'काम दाखवा' म्हटलं तरी नाही. तुमच्याच मोहल्ल्यातला व्हॉलंटियर नको असेल तर तसं सांगा, भुसावळच्या घरी चोपड्याचा माणूस पाठवतो. डॉक्टरवर तर कायद्यानेच बंधन आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे. फक्त जिवाला धोका दिसला तर घरातल्या एकाला तरी सांगावं लागतं, ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

५. साधं टेन्शन आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे कोणी येऊन 'मला डिप्रेशन आहे' म्हणत नाही. पारोळा-अमळनेरकडचा माणूस म्हणेल 'माले निंद नही येस', 'जीव घाबरस', आमच्या खाला म्हणतील डोकं भणभणतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, आणि मग ईसीजी, सोनोग्राफी, थायरॉईड सगळं करून सगळं नॉर्मल. ढोबळ हिशोब असा की दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, आवडीचं काही नकोसं, झोप-भूक बिघडलेली आणि कामावर परिणाम होतोय, तर दाखवून घ्या. कानात आवाज येतात, कोणीतरी मारायला टपलंय असा पक्का संशय आहे, किंवा चार-पाच रात्री झोप नसून अंगात भलताच जोर आहे, तर दोन आठवडे थांबूच नका. तुम्ही फक्त दाखवा, नाव काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

६. ईमान मजबूत असेल तर डिप्रेशन येतच नाही ना?

हा प्रश्न आला की आम्हाला आमचीच एक चूक आठवते. धुळ्याचा एक पोरगा, पॉवरलूमवर कामाला, सुरुवातीच्या काळात आला होता, आणि आमच्यातल्याच एकाने (नाव कशाला, मीच) त्याला सांगितलं, 'नमाज की पाबंदी कर, सब ठीक हो जाएगा.' तो मान हलवून गेला. पाच महिन्यांनी त्याचा भाऊ घेऊन आला, पॅन्टच्या पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडलेली होती इतका उतरलेला. तेव्हा कळलं की तो पाच वक्तच काय, तहज्जुदही (रात्री उठून पढायची जास्तीची नमाज) पढत होता. झोपच नव्हती तर करणार काय. माझ्या बोलण्याने त्याला एवढंच समजलं की आपली नमाजच कबूल होत नाहीये.

हजरत याकूब (अ.स.) मुलाच्या गमात इतके रडले की डोळे पांढरे पडले, सूरह यूसुफमध्ये आहे, ते नबी होते, त्यांचं ईमान कमजोर म्हणणार का? नबी ﷺ यांच्या पत्नी बीबी खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले त्या वर्षाचं नावच 'आमुल हुज्न', गमाचं साल. दिलाला सुकून अल्लाहच्या जिक्रने (नामस्मरणाने) मिळतो हे कुरआनात आहेच (१३:२८), आम्ही ते नाकारत नाही, पण मोडलेल्या पायावर जिक्र करत प्लास्टरही करतोच ना. अकराशे वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी नावाच्या आलिमने लिहून ठेवलंय की एक गम असा असतो ज्याचं कारण माहीत असतं आणि एक असा ज्याचं कारणच सापडत नाही, आणि या दुसऱ्याला शरीराचा इलाजही लागतो. पुढे कैरोत १२८४ मध्ये बांधलेल्या मन्सूरी बीमारिस्तानात (दवाखान्यात) मनाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा होती आणि सगळा खर्च वक्फच्या उत्पन्नातून. म्हणजे हे काम आम्ही नवीन शोधलेलं नाही.

७. गोळ्या घेणं म्हणजे तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) कमी ना? आणि सवय लागते म्हणतात.

उंट बांध आणि मग तवक्कुल कर, ही तिरमिजीची हदीस सगळ्यांना पाठ असते, वेळ आली की विसरतात. बुखारीत आहे की अल्लाहने असा कोणता आजार उतरवलाच नाही ज्याची शिफा उतरवली नाही.

सवयीचं म्हणाल तर सगळ्या गोळ्या एका माळेत ओवू नका. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय खरंच लागते. डिप्रेशनच्या गोळ्या तशा नसतात, पण असर यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि आपले लोक आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून बंद करतात. किंवा उलटं, बरं वाटलं की बंद. एकदम बंद केल्याने चक्कर, बेचैनी होते, म्हणून कमी करायच्या त्याही डॉक्टरांना विचारून.

कॅप्सूलच्या जिलेटिनचं पण विचारतात. डॉक्टरांना सरळ सांगा की टॅबलेट आहे का, बहुतेक वेळा असते. नसेलच आणि औषध गरजेचं असेल तर बरेच मुफ्ती इजाजत देतात, आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण विचारेपर्यंत डोस चुकवू नका.

८. आमच्या पोरीवर असर आहे, जिन आहे. आमिलकडे (झाडफूक करणाऱ्याकडे) नेऊ की तुमच्याकडे?

जिन असतात यावर आमचाही ईमान आहे, त्यावर वाद नाही. पण प्रत्येक किंचाळी जिनची नसते. फिट्स (मिरगी) असतील, बाळंतपणानंतरचा आजार असेल, सासरी काही घडलं असेल जे ती बोलू शकत नाही. म्हणून आम्ही म्हणतो दोन्ही करा, सूरह फातिहा, आयतल कुर्सी, चार कुल (कुरआनच्या चार छोट्या सूरह) पढून दम करा, म्हणजे फुंकर घाला, घरच्या घरी, आईने केलेला दम सगळ्यात चांगला, आणि त्याच आठवड्यात डॉक्टर. आमच्यासोबत एक इमामसाहेब आहेत, ते स्वतः दम करतात आणि लगेच विचारतात, 'गोली ली क्या?' लोक डॉक्टरचं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतात.

आमिल ओळखायची खूण साधी आहे. पाच-पन्नास हजार मागतो, एकट्या बाईला खोलीत बसवतो, मारतो, मिरचीचा धूर देतो, गोळ्या बंद करायला लावतो, यातलं एक जरी दिसलं तरी उठून या. भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

९. मग दर्ग्यावर जाणं चुकीचं का? आमच्याकडचे सगळे सैलानीला जातात.

खान्देशातून बुलढाण्याच्या सैलानीला जाणाऱ्या गाड्या आम्हीही पाहतो, हिंदू-मुस्लिम दोघं जातात. दर्ग्याबद्दल मसलका-मसलकात (पंथा-पंथात) मतं वेगळी आहेत, त्या वादात आम्ही पडत नाही, तिथे जाऊन रडून कोणाचं मन हलकं होत असेल तर आम्ही कोण अडवणारे. आमच्या अटी दोनच, गोळ्यांची पिशवी सोबत न्या आणि माणसाला बांधू नका. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमात आग लागली, २८ जण गेले, कारण साखळीने बांधलेले होते, पळता आलं नाही. आता मानसिक रुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या कायद्याने बंदच आहे. उलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसतात, मुजावर (दर्ग्याचे सेवेकरी) स्वतः पेशंटला त्यांच्याकडे पाठवतात, 'दवा-दुआ' म्हणतात त्या कामाला. असं आपल्या भागात व्हावं ही आमची फार इच्छा आहे.

१०. मुलगा वुझूला (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला) पाऊण तास लावतो, परत परत करतो. परहेजगार (धर्म काटेकोर पाळणारा) झालाय म्हणायचं का?

नाही हो. हा वसवसा आहे, म्हणजे परत परत येणारी शंका, डॉक्टर ओसीडी म्हणतात. असाच एक कॉलेजचा पोरगा होता, कोपरापर्यंतची कातडी पांढरी पडून सोललेली, नळ बंद केला की परत चालू, 'केहनी सूखी रह गई', जमात (सगळ्यांनी मिळून पढायची नमाज) निघून जायची आणि हा नळावरच. घरचे कौतुक करायचे! उलेमांचा सल्ला इथे एकदम साफ आहे की वसवस्यावाल्याने शंकेकडे लक्ष द्यायचं नाही, तीनदा धुतलं की झालं. पण आजार असला की 'लक्ष देऊ नको' म्हणून जमत नाही, त्यासाठी गोळ्या आणि शंका आली तरी नळाला हात न लावायचा सराव, दोन्ही डॉक्टर शिकवतात. घरच्यांनी फक्त एक करा, 'झाला का रे वुझू नीट' हे त्याने विचारलं तर दर वेळी 'हो झाला' म्हणत बसू नका, त्याने शंका वाढते.

११. रमजानमध्ये गोळ्यांचं काय? रोजा सोडू की गोळी?

स्वतःच्या मनाने दोन्ही नको. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा, दिवसातून एकदा-दोनदा असलेल्या गोळ्या बऱ्याचदा इफ्तार आणि सहरीला बसवता येतात. आम्ही तर खजुराच्या डब्यालाच रबरबँडने स्ट्रिप बांधून देतो, विसरायला जागाच नको.

लिथियम (मूड सांभाळणारी गोळी) चालू असेल तर मात्र जास्त सांभाळा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं, हात जोरात थरथरणे, उलटी, जुलाब, पाय लटपटणे, असं झालं तर रोजा तोडून लगेच दवाखाना. २०२० ते २०२२ रमजान एप्रिल-मे मध्ये होता, आपल्याकडच्या ४४ डिग्रीत हे काय असतं ते वेगळं सांगायला नको. डॉक्टर 'नको' म्हणाले तर कुरआननेच आजाऱ्याला सूट दिलीय (२:१८४). नंतर बरं वाटल्यावर ठेवता येणार असेल तर कजा (सुटलेले रोजे भरून काढणं), आणि कधीच जमणार नसेल तर फिदया (बदल्यात गरिबाला दान), एका रोज्याचा एक सदका-ए-फित्र (रमजान ईदच्या नमाजाआधी द्यायचं दान) इतका. आणि जो रोजा ठेवत नाहीये त्याला चारचौघांत 'रोजा है ना?' विचारू नका, प्लीज.

१२. आजारपणात नमाजा सुटल्या, गुनाह होईल का?

तीन जणांवरून कलम (गुनाह लिहिणारी लेखणी) उचललेला आहे ही हदीस (अबू दाऊद): झोपलेला उठेपर्यंत, मूल मोठं होईपर्यंत आणि ज्याची अक्कल ठिकाणावर नाही तो शुद्धीवर येईपर्यंत. पूर्ण शुद्ध हरपलेल्याला हे लागू होतं, नुसत्या उदासीला नाही, आणि मधला मामला असेल तर इमामसाहेबांना फोन लावून देतो. उदासीत एका वेळी एक नमाज, बसून का होईना, एवढंच धरा.

१३. बायकांसाठी बाई आहे का? आणि इद्दतमध्ये (नवरा गेल्यावर बाईने घरात राहायचा काळ) असताना बाहेर कसं पडायचं?

आहेत, तीन आपा आहेत आमच्याकडे, घरी येतात. शौहरच्या मौतनंतरची इद्दत चार महिने दहा दिवस, आणि नेमका तोच काळ सगळ्यात जड. इलाजाची गरज असेल तर इद्दतमध्ये दवाखान्यात जाता येतं, उलेमा गरजेला परवानगी देतात, दिवसा जाऊन रात्रीपर्यंत घरी. तरी घरचे ऐकत नसतील तर टेली-मानसवर फोनवर बोलता येतं.

१४. जकात (दरवर्षीचं सक्तीचं दान) तुम्हाला देऊ शकतो का?

देऊ शकता, पण 'जकात' म्हणून सांगून द्या, कारण इथे आम्हाला फार काटेकोर राहावं लागतं. जकात कोणाला हे सूरह तौबाच्या ६० व्या आयतमध्ये आहे, आठ प्रकार. आपल्याकडे बहुतेक हनफी, आणि हनफी मसलकात 'तमलीक' पाहिजे, म्हणजे पैसा गरजू मुस्लिमाच्या हातात त्याच्या मालकीचा होऊन गेला पाहिजे. त्यामुळे जकातीतून काउन्सेलरचा पगार नाही, गाडीचं डिझेल नाही, तलबीनाचं दूधसुद्धा नाही. आम्ही पैसे पेशंटच्या हातात देतो, तो स्वतः मेडिकलवर जाऊन गोळ्या घेतो. शुद्धीत नसेल तर त्याच्या वतीने त्याचा वली (पालक) घेतो. बाकी सगळा खर्च लिल्लाह आणि सदक्यातून (मर्जीने दिलेल्या दानातून), आणि गैरमुस्लिम पेशंटला मदतही त्यातूनच. डबे वेगळे, वह्या वेगळ्या.

घेणारा निसाबच्या (जकातीसाठी ठरलेल्या मर्यादेच्या) खाली पाहिजे, म्हणजे ६१२.३६ ग्राम (साडेबावन्न तोळे) चांदीच्या किमतीइतकं गरजेपेक्षा जास्तीचं त्याच्याकडे नको. सय्यद घराण्याला जकात चालत नाही, त्यांना लिल्लाहमधून. आणि 'माझा सख्खा भाऊच आजारी आहे, त्याला देऊ का' असं विचारतात, तर हो, गरजू असेल तर भाऊ-बहिणीला जकात चालते, आई-बाप, मुलं, नवरा-बायकोला नाही. भाऊ असेल तर आमच्याकडे देऊच नका, सरळ त्याला द्या.

१५. बँकेच्या व्याजाचे पैसे पडलेत, ते घ्याल?

बहुतेक उलेमा म्हणतात ते स्वतःवर न वापरता, सवाबची (पुण्याची) नियत न करता गरिबाला देऊन टाका. घेतो, वेगळ्या पाकिटात, वर 'व्याज' लिहून. जकातीत मिसळून पाठवू नका, एकदा एकाने पाठवले आणि आमचा अख्खा रविवार वही जुळवण्यात गेला.

१६. घरात कोणी मरायचं बोलतंय / प्रयत्न केलाय. पोलीस केस होईल का?

आधी माणूस, केस नंतर. प्रयत्न झालाच असेल तर १०८ किंवा मिळेल ती गाडी, सरळ दवाखाना. फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, बाटली सोबत घ्या म्हणजे डॉक्टरांना नाव कळतं. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) लिहितात, पोलीस विचारायला येतात, घाबरू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही.

नुसतं बोलत असेल तरी हलक्यात घेऊ नका. 'मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. 'हराम आहे माहीत नाही का' हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका, त्याला माहीत असतं. एकटं सोडू नका, आणि कपाशीचं औषध घरातून काढून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, आजच.

१७. खुदकुशी केलेल्याची जनाजा नमाज होते का?

होते. हनफी मसलकात गुस्ल (मय्यतची आंघोळ), कफन, जनाजा, दफन सगळं होतं. सहीह मुस्लिममध्ये आहे की अशा एकाची नमाज नबी ﷺ यांनी स्वतः पढवली नाही, त्याचा अर्थ उलेमा इतरांना ताकीद म्हणून सांगतात, म्हणून काही ठिकाणी मोठे आलिम मागे राहतात आणि बाकीचे पढतात. तो किती आजारी होता, किती शुद्धीत होता, हिशोब अल्लाहकडे (प्रश्न १२ ची हदीस परत वाचा). मय्यतच्या दारात उभं राहून 'जहन्नमी' म्हणणारे दोघे-चौघे प्रत्येक गावात निघतातच, आम्ही त्यांना हाताला धरून चहाच्या टपरीवर नेतो. त्या घरी आम्ही चाळीस दिवसांनी नाही, चौथ्याच दिवशी जातो.

१८. पेशंट यायलाच तयार नाही, लपून जेवणात गोळी देऊ का?

नका देऊ. एक दिवस कळतं आणि मग तो घरचं पाणीही पीत नाही. आधी तुम्ही एकटे या, त्याच्याशिवाय, काय सांगायचं ते ठरवू. बऱ्याचदा 'वेडाच्या डॉक्टरकडे' नाही तर 'झोपेच्या डॉक्टरकडे' म्हटलं की येतात, आणि ते खोटंही नाही. मारहाण करतोय, खातपीत नाहीये इतकं असेल तर कायद्यात त्याच्या मर्जीशिवाय भरती करायची पण सोय आहे, पण ती डॉक्टरांमार्फत, दोरीने बांधून नाही.

१९. मला पण यायचंय, काय लागतं?

डिग्री लागत नाही. ऐकताना मध्ये न बोलता येणं लागतं, आणि 'मेरे मामू को भी ऐसाच हुआ था' न म्हणता येणं, हे जास्त अवघड आहे. पहिले दोन महिने फक्त लाईनीत बसायचं काम देतो. सकाळी साडेआठला दवाखान्याच्या गेटवर, पेशंटच्या आधारची झेरॉक्स दोन प्रती, पाण्याची बाटली. चहा आमच्याकडून, नाश्त्याचं ज्याचं त्याने बघायचं.